उंबऱ्यातला फोम

सार्सेनच्या पोटात दुखायला लागलं ते मटणाच्या परातीवरून. कुणी तोंडावर विचारलं असतं तर त्याने कानांवर हात ठेवले असते. पन्नाशी उलटलेला, करागांदी शहरातल्या निम्म्या गाड्यांचा पत्रा ठोकलेला माणूस मटणाच्या तुकड्यावरून कसा रुसेल? पण रुसला होता, आणि चांगलं दीड वर्ष रुसून बसला होता.

झालं असं. सासऱ्याच्या घरी मेंढी कापली की छातीचा तुकडा जावयाचा. जावई दोन असले तर कुणाचा, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण कुसायिन म्हाताऱ्याच्या घरी तो बावीस वर्षं थोरल्या जावयाच्या, म्हणजे सार्सेनच्या ताटात पडत आला होता. त्या सप्टेंबरात म्हाताऱ्याने तुकडा उचलला, सार्सेनने सवयीने हात पुढे केला, आणि तुकडा त्या हातावरून पलीकडे गेला, धाकट्या जावयाच्या, दौरेनच्या पुढ्यात.

"खा रे पोरा," म्हातारा म्हणाला. "तू माझं घर ऊबदार केलंस."

सार्सेनने पुढे केलेला हात तसाच नेऊन पाव उचलला, जणू पावच हवा होता. समोर त्याची बायको राबिगा बसली होती. तिने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे सार्सेनने पाहिलं. त्या दिवशी त्याच्या वाट्याला बरगडी आली. बरगडी उत्तम होती. त्याला ती गवतासारखी लागली.

दौरेन खिडक्या बसवायचा, प्लास्टिकच्या, दुहेरी काचेच्या. त्या उन्हाळ्यात त्याने सासऱ्याच्या घरातल्या सातही कुजक्या खिडक्या काढून नव्या बसवल्या आणि कडेच्या फटींत फोम भरला. हा फोम डब्यातून फुस्स करून बाहेर येतो, फुगतो आणि तासाभरात घट्ट होतो. दौरेनच्या मते जगातली कुठलीही फट फोमने बुजायची. म्हाताऱ्याच्या घरात तीस वर्षं पडदे हलवणारा स्तेपीच्या गवताळ माळावरचा वारा त्या दिवसापासून बाहेरच राहिला. म्हातारा येईल त्याला खिडकीपाशी नेऊन म्हणायचा, "हात लाव, हात लाव इथे." लोक हात लावायचे. सार्सेनलाही लावावा लागला.

असो. मटण काय, खाल्लं की संपतं. खरा घाव ऑक्टोबरात बसला.

म्हाताऱ्याकडे एक हिरवी निवा गाडी होती, त्याच्या खाणीतल्या नोकरीच्या काळातली. गाडीच्या दाराखाली, आपण पाय उचलून आत चढतो तिथे, दोन्ही अंगांना पत्र्याची लांब पोकळ पेटी असते. तिला सगळे उंबराच म्हणतात, आणि घराच्या उंबऱ्यासारखाच त्याच्यावरही पाय द्यायचा नाही, असा म्हाताऱ्याचा दंडक होता. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी आधी तिथून मरते. वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी त्या पोकळीत शिरतं, मुक्काम ठोकतं आणि पत्रा आतून खात सुटतं. बाहेरून रंग शाबूत. पाणी शिरायचं ते शिरणारच, म्हणून उंबऱ्याच्या तळाला बोटाएवढी भोकं ठेवलेली असतात, ते निघून जायला. सार्सेनची सगळी विद्या दोन वाक्यांत मावायची: उंबऱ्याला आतून मेण पाज, आणि खालची भोकं मोकळी ठेव.

दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्हातारा निवा घेऊन सार्सेनच्या गॅरेजमध्ये यायचा. पहिला दिवस धुण्याचा आणि शेगडी पेटवून वाळवण्याचा. दुसऱ्या दिवशी सार्सेन गाडीखाली उताणा पडायचा, तार घालून एकेक भोक साफ करायचा, मग बारीक लांब नळीने गरम मेण आणि ग्रीस आत सोडायचा. खालच्या भोकांतून थेंब पडायला लागले की समजायचं, उंबरा प्यायला. म्हातारा शेजारी बसून थर्मासातला चहा पीत बोलत राहायचा. एरवी तो मोजकं बोलायचा. इथे मात्र खाणीत गाडल्या गेलेल्या मित्राबद्दल बोलायचा, गेलेल्या बायकोबद्दल बोलायचा, मरणाची भीती वाटते हेही एकदा बोलला होता. सार्सेन अनाथाश्रमात वाढलेला. बाप कसा असतो हे त्याने ऐकलं होतं ते लोक बापाच्या तक्रारी करायचे तेव्हा. वर्षातले हे दोन दिवस मात्र तो कुणाचा तरी मुलगा असायचा. त्यासाठी तो उरलेले दिवस काढायचा म्हटलं तरी चालेल.

तर त्या ऑक्टोबरात म्हाताऱ्याचा फोन आला.

"यंदा तू त्रास घेऊ नकोस. तुझी कंबर गेलीय म्हणे. राबिगा सांगत होती. दौरेन करतो म्हणालाय."

"त्याला काय येतं त्यातलं, कोके?" सार्सेन म्हणाला. म्हाताऱ्याला मुली-जावई सगळे कोके म्हणत.

"शिकेल की. हुशार आहे."

सार्सेनची कंबर खरंच गेली होती. गाडीखालून बाहेर यायला त्याला हल्ली दोन खेपा कण्हावं लागायचं. पण कंबरेचं निमित्त करून आपल्याला काढून टाकलं, असं त्याने ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर त्याला पुरावेही मिळत गेले. जेवताना त्याने राबिगाला धरलं.

"तू सांगितलंस त्यांना कंबरेचं?"

"मग? खोटं सांगितलं? मोजे घालताना मला हाक मारतोस."

"उद्या सांगशील डोळेही गेले. म्हणजे खिडकीवाल्याला माझं गॅरेजही देता येईल."

"जळू नकोस. बारा वर्षांनी लहान आहे तो तुझ्यापेक्षा."

"जळतंय कोण?"

"मला काय माहीत," राबिगा म्हणाली. "मला नुसता धूर दिसतोय."

आठवड्याने दौरेनच निवा घेऊन गॅरेजच्या दारात उभा राहिला. थोरल्या साडूला तो मानाने साके म्हणायचा. त्या मानात सार्सेनला कुठे नाव ठेवायला जागा सापडत नव्हती, आणि त्याचाही त्याला राग होता.

"साके, जरा नजर टाकता का? कोकेंकडे नेऊन देण्याआधी म्हटलं तुम्हाला दाखवावं. बावीस वर्षं तुम्ही केलंय हे."

सार्सेन कण्हत खाली बसला आणि त्याने उंबऱ्याखाली डोकं घातलं. भोकं नव्हती. जिथे जिथे भोक असायचं तिथे पिवळा फोम सुरीने सपाट कापलेला, वरून काळं डांबर. काम सुबक होतं. खिडकीवाल्याचं काम, रेघेत.

"सहा डबे गेले," दौरेन अभिमानाने सांगत होता. "दोन्ही उंबरे गच्च. आत जागाच नाही ठेवली, मग पाणी जाईल कुठे? इंटरनेटवर एकाने केलेलं पाहिलं मी."

"मेण?"

"मेणाची गरज नाही म्हणतात."

"धुतली होतीस आतून?"

"धुतली की चांगली. आणि लगेच भरली, पुन्हा धूळ बसायला नको."

सार्सेनला सगळं लख्ख दिसलं. ओला उंबरा ओलाच कोंडला होता. फोमला पहिला दगड लागला की तो चिरणार, मिठाचं पाणी पिणार आणि पिऊन धरून ठेवणार. निघून जायला वाट नाही. दोन हिवाळे, फार तर. पूर्वी एका शिक्षकाने हाच उपद्व्याप केला होता, त्याचा उंबरा सार्सेनने बिस्किटासारखा हाताने मोडून दाखवला होता.

आज सांगितलं असतं तर गाडी वाचत होती. फोम खरवडून काढायला आठवडा गेला असता, कटकट झाली असती, पण गाडी वाचत होती. सांगायला शब्दही लागणार होते चारच. ते जिभेवर आलेही. पण त्यांच्या पाठोपाठ त्याला पुढचं दिसलं: दौरेन म्हाताऱ्याकडे जाऊन सांगेल, साकेंनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं. म्हातारा म्हणेल, पोरगा प्रामाणिक आहे, चूक झाली तर विचारतो. आणि पुन्हा दौरेनच्याच पाठीवर थाप पडेल. सार्सेनने चिंधीला हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"काही चुकलं असेल तर सांगा हं," दौरेन म्हणाला.

"मी काय सांगणार? तू केलंयस, तुला ठाऊक."

"म्हणजे पास?"

"हं," सार्सेन म्हणाला.

दौरेन खूश होऊन गेला. सार्सेनने चहा केला आणि बऱ्याच दिवसांनी त्याला चहाची चव लागली.

पुढचे दोन हिवाळे सार्सेनने मनात मांडे खाल्ले. लोक थंडीत ऊन पडावं म्हणून देवाकडे मागतात. सार्सेन ऊन पडलं की खूश व्हायचा, कारण ऊन म्हणजे बर्फ वितळणार, वितळलं की पाणी, आणि पाणी म्हणजे दौरेनच्या अब्रूला लागलेली वाळवी. रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी दिसली की तिला हात करावा असं त्याला वाटायचं. त्याने सगळं योजून ठेवलं होतं. एक दिवस सगळे जमलेले असताना तो छोटी हातोडी घेऊन निवापाशी जाईल, सहज म्हणून उंबऱ्यावर टकटक करेल, आणि हातोडी आत जाईल. मग तो काही बोलणारसुद्धा नाही. नुसता म्हाताऱ्याकडे बघेल.

मधल्या काळात त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. म्हातारा म्हणायचा, "सार्सेन करायचा तेव्हा पायाखालची सतरंजी कधीमधी ओली व्हायची. आता ठणठणीत कोरडी. या दौरेनने पाण्याचा बंदोबस्तच केला." सार्सेन तोंडात गुळणी धरून बसायचा. दौरेनच त्याची बाजू घ्यायला बघायचा. "साकेंनी बघून दिलंय कोके, म्हणून धीर होता," असं म्हणायला तो तोंड उघडायचा, तेवढ्यात म्हातारा दुसरीकडेच वळलेला असायचा. ऑक्टोबरात सार्सेनचे ते दोन दिवस रिकामे जायचे. दुसऱ्याची कुठलीशी गाडी तो मेणाने भरायचा आणि तिचा मालक फोनवर बोलत बाहेर उभा असायचा.

दुसरा हिवाळा संपत आला. मार्चात नाउरिझचा सण झाला, सगळे म्हाताऱ्याच्या घरी जमले. निवा अंगणात उभी होती. सार्सेन सिगारेटचं निमित्त करून बाहेर आला. उजव्या उंबऱ्यावर, मागच्या चाकाजवळ, जिथे जॅक लावतात तिथे रंगाला फोड आले होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्याने दाबलं. पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला.

हातोडी त्याच्या खिशात होती. खोटं कशाला सांगा, तो ती घेऊनच आला होता. आत सगळे होते. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. पण त्याच्या मनाने पुन्हा हिशेब केला: आत्ता भोक पडेल ते मुठीएवढं. दौरेन हसून म्हणेल, जुनी गाडी आहे, व्हायचंच. अजून एक महिना जाऊ दे. सगळी पट्टी गळून पडू दे, म्हणजे कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही. सिगारेट विझवून तो आत गेला. सणाची पेज प्यायला. दोन वाट्या प्यायला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, अकरा-बाराच्या सुमारास, राबिगाचा फोन आला. ती रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना. मग कळलं. म्हातारा हिवाळ्याची चाकं काढून उन्हाळ्याची बसवत होता. हे काम तो ऐंशीव्या वर्षीही कुणाला करू द्यायचा नाही. जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं. आणि जॅक उंबरा फोडून वर गेला, गाडी म्हाताऱ्याच्या पायावर आली.

सार्सेन पोचला तेव्हा म्हाताऱ्याला घेऊन अँब्युलन्स गेलेली होती. निवा एका अंगावर बसली होती, दुखऱ्या गुडघ्यावर टेकलेल्या घोड्यासारखी. फाटलेल्या उंबऱ्यातून पिवळा फोम बाहेर लोंबत होता. सार्सेनने तो मुठीत धरला. तपकिरी, गंजकं, थंड पाणी त्याच्या मनगटावरून बाहीत शिरलं. दोन हिवाळे ज्याची वाट पाहिली ते हेच होतं, हुबेहूब.

अंगणात दौरेनची बायको बाल्झान, राबिगाची धाकटी बहीण, नवऱ्याला फाडून खात होती.

"खिडकीवाला आहेस ना? मग खिडक्यांत मर की. माझ्या बापाच्या गाडीत कशाला हात घातलास? बावीस वर्षं सार्सेनदाजींनी केलं, कधी खिळा हलला नाही."

दौरेन भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदाच मान वर करून सार्सेनकडे पाहिलं. सार्सेनला वाटलं, आता हा सांगणार. पण दौरेनने मान पुन्हा खाली घातली.

म्हातारा वाचला. पाऊल मात्र चेचलं गेलं होतं. दोन बोटं कापावी लागली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की काठीशिवाय आता चालणं नाही. गाडी चालवणं तर नाहीच. तीन आठवड्यांनी त्याला घरी आणलं. या तीन आठवड्यांत सार्सेनला जे हवं होतं ते सगळं मिळालं. नातेवाईक त्याला बाजूला घेऊन म्हणायचे, तुझ्या हातचं काम असतं तर असं झालं नसतं. दौरेनला कुणी चहासुद्धा पुढे करत नव्हतं. सार्सेन मान हलवत राहायचा. त्याला झोप येत नव्हती, पण तो मान हलवत राहायचा.

घरी आणलेल्या दिवशी म्हाताऱ्याने बायकांना बाहेर पाठवलं आणि दोन्ही जावयांना पलंगापाशी बोलावलं. एका बाजूला सार्सेन, दुसऱ्या बाजूला दौरेन.

"दौरेन, एक विचारतो," म्हातारा म्हणाला. "फोम भरल्यावर गाडी तू कुणा जाणत्याला दाखवली होतीस? सार्सेनला दाखवलीस?"

खोलीत वारा नव्हता, त्यामुळे पडदाही हलत नव्हता.

"नाही, कोके," दौरेन म्हणाला. "थेट तुमच्याकडे आणली. माझीच चूक. घमेंड नडली."

सार्सेनला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग, त्या सुटकेचा श्वास पुरता घेऊन होतो न होतो तोच, त्याचं जुनं दुखणं उसळून वर आलं. म्हणजे हेही हाच घेऊन जाणार. पाय आपल्यामुळे गेला आणि मोठेपणा याचा. आज ना उद्या म्हाताऱ्याला कळेल, अशा गोष्टी कळतातच, आणि मग म्हातारा दौरेनकडे ज्या नजरेने बघेल ती नजर सार्सेनला आत्ताच दिसली आणि सोसवेना. पश्चात्तापाने बोलला असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण ते खरं नाही. तो हेव्यापोटीच बोलला.

"खोटं बोलतोय तो," सार्सेन म्हणाला. "दाखवली होती. काही चुकलं असेल तर सांगा, असंही म्हणाला होता. मला बघताक्षणी कळलं होतं. मी बोललो नाही."

"साके, जाऊ द्या ना," दौरेन पुटपुटला.

"गप रे. तुझे उपकार नकोत मला." तो म्हाताऱ्याकडे वळला. "नाउरिझला अंगठ्याने दाबून पाहिलं होतं मी, कोके. जॅकच्या जागीच. पत्रा आत गेला. तेव्हाही बोललो नाही."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे मान वळवली.

"का रे?"

"तुम्ही गाडी त्याला दिलीत म्हणून."

"गाडी दिली," म्हातारा म्हणाला. "दुसरं काय दिलं होतं? तू कण्हत गाडीखालून बाहेर यायचास ते मला बघवत नव्हतं. दौरेन त्याच्या अंगणात फोम भरत होता ना, तेव्हा मी दिवसभर चहा घेऊन तिथे बसून होतो. दुसऱ्या ऑक्टोबरातही एक दिवस तुझ्या गॅरेजकडे यायला निघालो, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलो. म्हटलं, कामाशिवाय कशाला जायचं, त्याचा वेळ मोडेल. मला वाटायचं तू येशील. आता खाली पडून काम नाही, तर नुसता शेजारी बसशील."

सार्सेन उभाच राहिला.

"पाठ अवघडलीय," म्हातारा म्हणाला. "दौरेन, ती उशी दे जरा."

उशी सार्सेनच्या बाजूच्या खुर्चीवर होती, हाताच्या अंतरावर. दौरेन पलंगाला वळसा घालून आला, त्याने ती उचलली आणि म्हाताऱ्याच्या पाठीशी ठेवली.